तोंगिट्स रमीसारखा खेळू नका: घर कधी मांडायचं, पान कोणतं टाकायचं, ड्रॉ कधी बोलायचा

जहाजाच्या मेस रूममध्ये तोंगिट्स या फिलिपिनो पत्त्यांच्या खेळाला बसलेला आपला माणूस मी लांबूनही ओळखतो. हातातली बारा पानं त्याने छान लावलेली असतात, त्यात एक सिक्वेन्स पुरा झालेला असतो आणि समोर टेबलावर काहीच नसतं. तो वाट बघत असतो. रमीत आपण हेच शिकलो: सगळं जमेपर्यंत हात झाकायचा आणि मग एकदम शो. तोंगिट्समध्ये असा माणूस जळतो, म्हणजे टेबलावर काहीच न मांडता हरतो. पहिल्या कॉन्ट्रॅक्टवर मी सलग तीन रात्री असाच जळलो आणि तिन्ही वेळा पुरा झालेला सिक्वेन्स माझ्या हातातच होता.

समुद्रावर, आखातात, हॉटेलांत, इस्पितळांत आपली माणसं फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी या डावाचं बोलावणं येतं. "रमीसारखाच आहे" असं सांगून बसवलं जातं. दिसायला तो रमीसारखा आहेच. पण रमीत पानं जुळवणारा जिंकतो आणि इथे बहुतेक डाव हातातले गुण वेळेवर उतरवणारा जिंकतो. हा फरक अंगात मुरला नाही तर नियम पाठ असूनही हरायला होतं. म्हणून खाली प्रत्येक टप्पा ज्या क्रमाने डावात येतो त्याच क्रमाने घेतला आहे.

## तयारी: बसण्याआधी काय माहीत हवं

खेळाडू तीनच. साधा ५२ पानांचा कॅट, जोकर नाही. वाटणाऱ्याला १३ पानं, बाकी दोघांना १२-१२. उरलेली १५ पानं मधे गड्डीत. वाटणारा पान न ओढता एक टाकून सुरुवात करतो. पुढचे डाव आधीच्या डावाचा विजेता वाटतो. बहुतेक फिलिपिनो टेबलांवर वाटणं आणि खेळणं उजवीकडे फिरतं, आपल्यासारखं डावीकडे नाही. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तुम्ही टाकलेलं पान कोणाला मिळणार ते त्यावरच ठरतं.

आपली पाळी आली की गड्डीतून पान ओढायचं (त्याला बुनोत म्हणतात) किंवा आधीच्या खेळाडूने नुकतंच टाकलेलं पान घ्यायचं. टाकलेलं पान नुसतं आवडलं म्हणून घेता येत नाही. हातातल्या पानांशी त्याची जुळणी तिथल्या तिथे पुरी झाली पाहिजे आणि ती लगेच उघडी मांडली पाहिजे. अशा उघड्या जुळणीला बाहाय म्हणजे घर म्हणतात. एकाच आकड्याची तीन किंवा चार पानं, नाहीतर एकाच रंगाची ओळीने तीन किंवा जास्त पानं म्हणजे घर. एक्का फक्त खालच्या बाजूला लागतो: एक्का-दुर्री-तिर्री चालतं, राणी-राजा-एक्का चालत नाही.

कोणाच्याही मांडलेल्या घराला आपलं पान जोडणं म्हणजे सापाव. पाळीच्या शेवटी एक पान टाकायचं, त्याला तापोन म्हणतात.

गुण सोपे आहेत. एक्का १, चित्रं १० आणि बाकी आकड्याप्रमाणे. डाव तीन प्रकारे संपतो. कोणाचा हात रिकामा होतो, म्हणजे तोंगिट्स होतो. कोणीतरी ड्रॉ बोलतो, म्हणजे डाव तिथेच थांबवून हातातले गुण मोजायचं आव्हान देतो, आणि लढणाऱ्यांत कमी गुणवाला जिंकतो. किंवा गड्डी संपते. डाव संपेपर्यंत एकही घर न मांडलेला माणूस सुनोग, म्हणजे जळलेला. त्याच्या हातात कितीही कमी गुण असले तरी त्याला लढता येत नाही, आणि पुष्कळ टेबलांवर तो जास्त भरतो.

पत्ते पिसायच्या आधी या गोष्टी विचारून घ्या. टेबलागणिक त्या बदलतात आणि डावाच्या मध्यात विचारल्या तर भांडण होतं:

- ड्रॉच्या वेळी हातात लपवलेलं पुरं घर गुणांत धरायचं की नाही?
- हातात एकाच आकड्याची चारही पानं असतील तर ती पालथी ठेवून जळण्यापासून वाचता येतं का, आणि त्याचा वेगळा मोबदला आहे का?
- मी माझ्याच घराला पान जोडलं तर पुढच्या पाळीत मला ड्रॉ बोलता येतो का?
- बरोबरी झाली तर कोण जिंकतं?
- लागोपाठ दोन डाव जिंकणाऱ्यासाठी वेगळा डबा (जॅकपॉट) साठवतात का?

सावधान: पैशांचं आधी बोलून घ्या. जहाजांवर बहुधा जुगाराला बंदी असते. आम्ही आगकाड्यांवर खेळायचो आणि हरणारा भांडी घासायचा. फिलिपिन्समध्ये बेकायदा जुगारासाठी १९७८ चा राष्ट्राध्यक्षांचा १६०२ क्रमांकाचा हुकूम आहे. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. फोनवरचं ॲप सरावाला चांगलं आहे, पण त्यात पैसे घालू नका.

## १. हात लावताना आधी गुण मोजा, मग जुळण्या बघा

रमीची सवय म्हणजे पानं हातात आली की जुळण्या शोधायच्या. इथे आधी बेरीज करा. गड्डीत १५ पानं आणि खेळणारे तीन, म्हणजे टाकलेली पानं कोणीच उचलली नाहीत तर प्रत्येकाला फक्त पाच वेळा पान ओढता येतं. फक्त पाच! एवढ्या पाळ्यांत बारा पानांचा हात सगळा जुळवायचं स्वप्न बघायला वेळच नसतो.

एक हात घेऊ. तुम्ही वाटणारे नाही, तुमच्याकडे बारा पानं आली:

इस्पिक ४, ५, ६ — बदाम राजा, चौकट राजा — किलवर ९, १० — बदाम दुर्री, बदाम तिर्री, चौकट दुर्री — चौकट सत्ती — किलवर एक्का.

बेरीज ६९. इस्पिकचं घर मांडलं की हातात ५४ उरतात. आता अर्धवट जुळण्यांकडे बघा आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा: ही पुरी करायला किती पानं चालतील, आणि नाही झाली तर माझ्या अंगावर किती गुण राहतील?

राजाच्या जोडीला दोन पानं चालतात, अंगावर २० गुण. किलवर ९-१० ला अठ्ठी किंवा गुलाम, म्हणजे दोनच पानं, अंगावर १९. बदाम २-३ आणि चौकट दुर्री या तिघांना मात्र इस्पिक दुर्री, किलवर दुर्री, बदाम एक्का, बदाम ४ अशी चार पानं चालतात आणि अंगावर फक्त ७. हे त्रिकूट तुमच्या हाताचा कणा आहे. ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. आपल्या लोकांची नजर मात्र राजाच्या जोडीवर बसते, कारण ती देखणी दिसते.

तपासा: पहिलं पान ओढण्याआधी तुम्हाला हातातली बेरीज तोंडपाठ सांगता आली पाहिजे. नाही आली तर परत मोजा. प्रत्येक पाळीनंतर नवी बेरीज मनात म्हणा. दहा-पंधरा डावांत ही सवय लागते.

## २. घर कधी मांडायचं

पुष्कळ डाव याच प्रश्नावर हरले जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

घर मांडलं की तीन हक्क मिळतात: जळण्यापासून सुटका, ड्रॉ बोलण्याचा हक्क आणि दुसऱ्याने ड्रॉ बोलल्यावर लढण्याचा हक्क. घर झाकून ठेवलं तर हे तिन्ही तुमच्याकडे नसतात. झाकण्याचा फायदा एवढाच की दुसऱ्यांना तुमच्या घरावर पान जोडता येत नाही आणि तुमच्या हातात काय आहे ते कळत नाही.

मी पाळतो तो नियम असा: एकच घर असेल तर ते पहिल्या-दुसऱ्या पाळीत मांडा. तिसऱ्या पाळीपर्यंत मांडलं नसेल तर धोका सुरू झालाच असं समजा. कारण दुसऱ्या फेरीपासून घर मांडलेला कोणीही ड्रॉ बोलू शकतो आणि तो तुम्हाला विचारून बोलत नाही.

हातात दोन घरं पुरी असतील तर एक मांडा, दुसरं झाका. तुमच्या हातात नऊ पानं दिसतात, समोरचा धरून चालतो की तुमच्याकडे खूप गुण आहेत, प्रत्यक्षात सुटी पानं सहाच असतात. हा या खेळातला सगळ्यात स्वस्त आणि प्रामाणिक डावपेच आहे. पण झाकलेलं घर गुणांत धरायचं की नाही ते आधी विचारलेलं हवं. धरत असतील तर तिसऱ्या फेरीनंतर दुसरं घरही मांडून टाका.

दोनांपैकी कोणतं मांडायचं? ज्याला दुसऱ्यांना पान जोडायची जागा कमी आहे ते. ओळीच्या घराला दोन तोंडं असतात: इस्पिक ४-५-६ ला तिर्रीही लागते आणि सत्तीही, आणि ती लागली की पुढे दुर्री नि अठ्ठीही लागते. एक्का-दुर्री-तिर्री किंवा गुलाम-राणी-राजा या ओळींना एकच तोंड असतं. तीन सारख्या पानांच्या घराला जगात एकच पान लागू शकतं, आणि ते चौथं पान तुमच्याच हातात असेल तर तुमच्या घराला कोणी हात लावू शकत नाही. हे इतकं महत्त्वाचं का, ते पाचव्या टप्प्यात येतं.

सावधान: "अजून एक पान आलं की दोन्ही घरं एकदम मांडतो" हा विचार मनात आला की ओळखा, रमी बोलते आहे.

## ३. पान टाकणं

तुम्ही टाकलेलं पान फक्त पुढच्या खेळाडूला घेता येतं. पाळी उजवीकडे फिरत असेल तर उजवीकडचा माणूस. तिसऱ्याची काळजी पान टाकताना करू नका. त्याची काळजी पुढच्याने करायची आहे.

मोठी पानं आधी टाका हे सगळे सांगतात. कोणती मोठी, ते कोणी सांगत नाही. राजा एकाच ओळीत बसतो: गुलाम-राणी-राजा. राणी दोन ओळींत बसते. गुलाम आणि दश्शी प्रत्येकी तीन ओळींत बसतात. गुण चौघांचे सारखेच, १०. म्हणजे सुटा राजा टाकणं सगळ्यात सुरक्षित, मग सुटी राणी. गुलाम आणि दश्शी टाकताना पुढच्याला उपयोग होण्याची शक्यता जास्त. एक्काही एकाच ओळीत बसतो, पण त्याचा गुण एकच, म्हणून तो हातात राहू द्या.

राजाच्या जोडीचं काय? पहिल्या दोन फेऱ्यांत सगळेच सुटे राजे फेकतात, म्हणून जोडीला तिसरा मिळायची वेळ तीच. दोन फेऱ्या थांबा. नाही आला तर तिसऱ्या फेरीत बिनदिक्कत मोडा. जोडी मोडताना भीतीही कमी: दोन राजे तुमच्याकडेच आहेत, तेव्हा पुढच्याला राजांचं घर करायला उरलेले दोन्ही त्याच्याच हातात लागतील.

पहिल्या टप्प्यातल्या हातात मी असं करेन: घर मांडून पहिल्या पाळीला किलवर दश्शी टाकेन, दुसऱ्या पाळीला नव्वी, मग राजे. ओढलेली पानंही गुण वाढवतात हे विसरू नका. सगळ्या कॅटच्या पानांची सरासरी साडेसहा गुणांच्या आसपास पडते (तेरा पानांची बेरीज ८५). म्हणून ओढलेलं पान उपयोगाचं नसेल आणि हातातल्या नको असलेल्या पानाहून मोठं असेल तर तेच परत टाका.

टाकण्याआधी दोन गोष्टी बघा. पुढच्याने गेल्या पाळीला माझी बदाम नव्वी सोडली का? सोडली असेल तर तेव्हा त्याच्याकडे नव्वीची जोडी नव्हती. आता दुसऱ्या रंगाची नव्वी टाकणं बरंच सुरक्षित. आणि या आकड्याची किती पानं मला दिसली आहेत? तीन दिसली असतील तर चौथ्याचं त्रिकूट होणारच नाही.

सामान्य चूक: टेबलावरच्या घराला जोडता येणारं पान नुसतं फेकून देणं. ते एकतर जोडा, नाहीतर मुद्दाम राखून ठेवा.

## ४. टाकलेलं पान घ्यायचं की गड्डीतून ओढायचं

टाकलेलं पान घेतलं की हातातली दोन पानं त्याबरोबर घरात जातात आणि एक टाकलं जातं: १२ ची ९ होतात. गड्डीतून ओढून हातातलं तयार घर मांडलं तरी ९ च उरतात. पण पहिल्या पद्धतीत तुमचं झाकलेलं घर झाकलेलंच राहतं. शिवाय गड्डीतलं एक पान वाचतं, म्हणजे डाव लांबतो.

डाव लांबायला हवा की नको, हे आधी ठरवा. तुमचे गुण खूप असतील तर वेळ हवा: पान घ्या. तुमचे गुण कमी असतील आणि समोरचे दोघे घरावर घर मांडत असतील तर गड्डी लवकर संपलेली बरी. हातात असलेलं छोटंसं २-३-४ चं घर पुरं करायला तिर्री घेण्यात फायदा थोडा आणि तुमची छोटी पानं सगळ्यांना दिसण्याचा तोटा मोठा, अशी वेळही येते. मी तेव्हा पान सोडतो.

## ५. सापाव: पान जोडणं हे हत्यार आहे

आपले लोक सापावकडे पान खपवायची सोय म्हणून बघतात. फिलिपिनो खेळाडू त्याकडे दुसऱ्याचं तोंड बंद करायचं साधन म्हणून बघतात, आणि ते बरोबर आहेत.

कारण असं: तुमच्या गेल्या पाळीनंतर तुमच्या घराला दुसऱ्या कोणी पान जोडलं असेल तर या पाळीला तुम्हाला ड्रॉ बोलता येत नाही. एक पान, एक पाळी बंद.

म्हणून इस्पिक ४-५-६ समोर मांडलेल्या माणसाचे गुण कमी होत चाललेत असं वाटलं की तुमच्या हातातली इस्पिक सत्ती सोन्याची होते. ती मिळाल्याबरोबर जोडलीत तर त्याची एक पाळी बंद झाली, पण तेव्हा तो बोलणारच नव्हता. तिचं ओझं सात गुणांचं आहे. एक-दोन फेऱ्या ते उचला आणि ज्या फेरीनंतर तो बोलेल असं वाटतं त्या फेरीत जोडा. सत्ती-अठ्ठी दोन्ही असतील तर या फेरीला सत्ती, पुढच्या फेरीला अठ्ठी. दोन्ही एकदम जोडणं ही उधळपट्टी आहे, तुमचे गुण फारच वाढले असतील तेवढा अपवाद.

तो बोलेल हे कसं ओळखायचं? तो काय टाकतो ते बघा. चित्रं संपून ज्याच्या हातून पाच, चार, तिर्री पडायला लागते, त्याच्या हातात याहून लहान किंवा जुळलेलीच पानं उरलेली असतात. टाकलेलं पान खोटं बोलत नाही, चेहरा बोलतो.

तपासा: प्रत्येक पाळीला पान टाकण्याआधी उजवीकडून डावीकडे सगळ्या घरांवर नजर फिरवा. नवीन माणसं आपल्याच घराकडे बघत बसतात.

## ६. माणसं वाचणं

आधी पानं मोजा. एक घर मांडलेल्याच्या हातात ९, दोन मांडलेल्याच्या ६, तीन मांडलेल्याच्या ३ पानं असतात. याहून कमी असतील तर त्याने सापाव केलेत किंवा तीनाहून जास्त पानांचं घर मांडलंय. सुरुवातीला प्रत्येक पानाला साडेसहा गुण धरा, चौथ्या फेरीत चार-पाच धरा. एवढ्या साध्या गुणाकाराने अंदाज बराच जवळ जातो.

मग माणूस बघा. ओढलेलं पान हातात कुठे खोचतो? बहुतेक जण पानं गटागटाने लावतात. नवं पान मधल्या गटात गेलं तर काहीतरी जुळलं, अगदी टोकाला गेलं तर पुढच्या पाळीत ते पडणार. पान ओढल्याबरोबर नजर कोणाच्या घराकडे गेली? त्याच्याकडे सापाव आहे. आधीच्याने पान टाकल्यावर क्षणभर हात पुढे येऊन थांबला? त्या आकड्याचं एकच पान त्याच्याकडे असण्याची शक्यता आहे.

हेच सगळं तुमच्याबद्दलही कोणीतरी वाचतंय. म्हणून तीन सवयी लावा: पानं गटांत न ठेवता थोडी मिसळून ठेवा, प्रत्येक पाळीला तेवढाच वेळ घ्या, आणि घरांवर नजर फिरवायची ती नेहमीच फिरवा, सापाव असो वा नसो.

टेबलावर चिडवाचिडवी चालते, तिला कान्त्यॉव म्हणतात. ती खेळाचाच भाग आहे. जो चिडतो त्याला पिकोन म्हणतात, आणि एकदा पिकोन ठरलात की रात्रभर तुमच्यावरच नेम. माझा एक दर्यावर्दी मित्र, माणूस गुणी, हरला की पुढच्या डावात हट्टाने प्रत्येक ड्रॉला लढायचा. टेबलावरच्या सगळ्यांना ते दोन रात्रींत कळलं. त्याने एखादा डाव गमावला की त्यानंतरच्या डावात ते थोडे जास्त गुण असतानाही त्याला डिवचायचे, आणि तो अडकायचा. हरलेल्या डावानंतर एक डाव जाणीवपूर्वक कोरडा खेळा: घर लवकर मांडा, शंका आली की लढू नका.

## ७. ड्रॉ बोलणं

पाळीच्या अगदी सुरुवातीला, पान ओढण्याआधीच बोलायचं. पान ओढलं की ती पाळी गेली. तुमचं घर मांडलेलं हवं आणि गेल्या पाळीपासून त्याला कोणी पान जोडलेलं नको.

बोलल्यावर बाकीचे दोघे तुपी म्हणून पानं घडी करतात किंवा लाबान म्हणून लढतात. दोघांनीही घडी केली तर तुमच्या हातात काहीही असलं तरी तुम्ही जिंकलात. म्हणजे इथे थापही मारता येते. पण ती मारण्याआधी बघा: समोरच्यांपैकी एक जळलेला आहे का? त्याला लढताच येत नाही, तेव्हा फक्त एकालाच घाबरवायचं आहे. दोघांचीही घरं मांडलेली असतील तर मी थाप मारत नाही.

किती गुणांवर बोलावं? दुसऱ्या-तिसऱ्या पाळीत १५ च्या आतबाहेर असलात तरी बोला, कारण तेव्हा समोरच्यांच्या हातात अजून चित्रं असतात. चौथ्या-पाचव्या पाळीत एक आकडी गुण हवेत. बहुतेक टेबलांवर बरोबरी झाली तर ड्रॉ बोलणारा हरतो, तेव्हा एका गुणाचीही किंमत आहे.

सामान्य चूक: ७ गुण हातात असताना "अजून एका पाळीत ३ होतील" म्हणून थांबणं. तेवढ्यात कोणी सापाव करतो, नाहीतर तोंगिट्स करतो. बोलण्यासारखे गुण झाले की बोला.

## ८. लढायचं की घडी करायची

दुसरा बोलला की आधी त्याच्या हातातली पानं मोजा, त्याने शेवटची दोन पानं कोणती टाकली ते आठवा. तीन पानं हातात आणि शेवटी पडलेलं पान ४ असेल तर त्याचे गुण दहाच्या आत धरा. सहा पानं हातात आणि शेवटी राणी पडली असेल तर त्याचा हात अजून उतरलेला नाही. १५-१६ गुणांवरही लढण्यात अर्थ आहे.

लढून हरलं की घडी करण्यापेक्षा जास्त द्यावं लागतं, त्यामुळे "बघू तरी काय आहे त्याच्याकडे" या कुतूहलापायी लढू नका. आणि तुमच्या आधीच तिसरा लढायला उभा राहिला असेल तर तुमची कसोटी आणखी कडक करा: आता दोघांहून कमी गुण लागतील.

## ९. गड्डी संपत आली की

गड्डीत चार पानं उरली की थांबून मोजा, शेवटचं पान कोणाकडे जाणार. गड्डी संपली की घर मांडलेल्यांपैकी सगळ्यात कमी गुणवाला जिंकतो. या टप्प्यावर जुळण्यांची आशा सोडा. जोडी असो वा नसो, सगळ्यात मोठं पान टाका. हातात राखलेले सगळे सापाव शेवटच्या पाळीला जोडून टाका, आता कोणाचं तोंड बंद करायचं नाही. शेवटचं पान जोडून हात रिकामा झाला तर तोही तोंगिट्सच, टाकायला वेगळं पान लागत नाही.

जिंकलात तर फिलिपिनो रीत म्हणून आजूबाजूला बसलेल्यांना थोडा वाटा द्या, त्याला बालातो म्हणतात. कोणाच्या घरी मयत झाल्यावर जागरणाच्या रात्री पत्ते बसले असतील तर प्रत्येक डावातला काही भाग, म्हणजे तोंग, त्या कुटुंबाला जातो. तिथे हिशोब करत बसू नका आणि तिथल्या थोरांना कुया म्हणजे दादा म्हणून हाक मारा.

सरावासाठी घरी तीन हात उघडे वाटा आणि तिन्ही बाजूंनी एकट्यानेच खेळा. पहिल्या पाच डावांत प्रत्येक हाताने पहिलं घर कोणत्या पाळीला मांडलं आणि डाव संपला तेव्हा हातात किती गुण होते, एवढंच वहीत लिहा. पुढच्या पाच डावांत त्यात एक रकाना वाढवा: कोणता सापाव किती पाळ्या राखला आणि त्याने कोणाची पाळी बंद झाली.